लिंडनर स्वित्झर्लंडला निघालेत

१८ एप्रिल, शनि. हायडेलबर्ग.
लॅटिन-ग्रीकच्या तासाला आमची ईरा खाली गेली ती जेवायच्या वेळेलाच वर आली. दोन ओळींवर अख्खी सकाळ! खालच्या मजल्यावरचे हेर, म्हणजे श्रीयुत, लिंडनर. जन्मभर जिम्नॅशियममध्ये, म्हणजे इथल्या हायस्कुलात, लॅटिन-ग्रीक शिकवलं, निवृत्त झाले, तरी खुमखुमी जात नाही. डोळे गेल्यात जमा, म्हणून आता पोरगी मोठ्याने वाचते नि ते ऐकतात. जिन्यात पुस्तकांची खोकी दिसली, वर चिठ्ठी : फुकट न्या. मला म्हणाले, मे महिन्यात स्वित्झर्लंडला जातोय, कायमचा. बहीण-बिहीण असेल तिकडे. वाईट वाटलं. आता ईराला कोण शिकवणार?

२१ एप्रिल, मंगळ.
ईरा शाळेच्या सहलीला ट्रियरला गेली, रोमन अवशेष बघायला. मंदार म्हणाला, एवढं शिकवलं त्यांनी, निरोपाचं जेवण तरी घालू. नवऱ्याला स्वतःहून काही सुचलं! गुरुवारी बोलावलंय. पुरणपोळी. शिवाय प्रवासाला चिवडा.

२४ एप्रिल, शुक्र.
ऑफिसला गेले नाही.
काल जेवण झकास झालं. पोळी मागून घेतली त्यांनी. निघताना चिवड्याचा डबा दिला, हातावर दही-साखर ठेवली आणि सवयीने म्हटलं, "पोचलात की फोन करा हं."
ते हसले. दही तसंच हातावर. "फ्राउ केळकर, फोन नाही करता येणार. मी तिथे मरायला जातोय. पाच मेची टेर्मीन मिळालीय."
टेर्मीन! दाताच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळते तशी. तिकडे इच्छामरणाला कायद्याची परवानगी आहे म्हणे.
मंदारने विचारलं, काही आजार? "नाही. पण वाचता येत नाही." बस्स, एवढंच. मग ते दही खाल्लं, डांके म्हणाले आणि भिंत चाचपत खाली गेले. मी वाटी घेऊन दारातच.
मरायला निघालेल्या माणसाला मी शुभ प्रवास म्हणून दही दिलं. देवा.

२५ एप्रिल, शनि.
सकाळीच खाली गेले. ऑडिओबुकं आहेत, अंधांसाठी संस्था आहेत, आम्ही आहोत... सगळं बोलून झालं. "आल्झो, फ्राउ केळकर, ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे." आणि ईरा? "तिला मी सांगेन. पुढच्या शनिवारी." म्हणजे तीन दिवस आधी! दार आपटून वर आले.
मंदार म्हणतो, "त्यांचा निर्णय आहे गं, आपण कोण?" आपण कोण म्हणे! कडाक्याचं भांडलो.
दोन-दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांचं म्हणणं समजून घ्यायला शिकवलं या माणसाने पोरांना. वरच्या मजल्यावरच्या जिवंत बाईचं एक ऐकेल तर शपथ!
संध्याकाळी ईरा आली. त्यांच्यासाठी ट्रियरहून एक गुळगुळीत दगड आणलाय, हाताला बरा लागेल म्हणून. मी तिला जेवायला वाढलं.

२ मे, शनि.
सांगितलं त्यांनी. जिन्यापर्यंत आवाज. ईरा जर्मनमधून किंचाळत होती, मी मग तुमची कोणीच नाही का?
वर येऊन तिने मला एवढंच विचारलं, "तुला माहीत होतं?" हो म्हटलं. असं बघितलं माझ्याकडे की मीच नजर वळवली. जेवली नाही.

३ मे, रवि.
उठले तर ईराची खोली रिकामी. धावत खाली. लिंडनरांचं दार सताड उघडं. ते खुर्चीत, ही समोर जमिनीवर, हातात ग्रीक पुस्तक, धडाधड वाचतेय. मला बघितल्यावर डोळे वटारले : गप्प राहा.
ग्रीक मला ओ की ठो कळत नाही. पण एरवी एकेका शब्दापाशी थांबणारी माझी पोरगी आज कुठेच थांबत नव्हती.
ते डोळे मिटून बसलेले. ओठ घट्ट. एक ओळ, दुसरी, तिसरी. कपाळावर आठ्या चढत गेल्या आणि एकदम टेबलावर मूठ आपटली.
"नाइन! नाही, नाही! काय वाचतेयस? पुन्हा!"
ईराने ओळ पुन्हा वाचली. या वेळी मान डोलावली त्यांनी.
त्यांना न्यायला टॅक्सी येणार परवा सकाळी. रद्द केली का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.
ईराने पुढची ओळ घेतली. पुन्हा मूठ आपटली : तीही तिने मुद्दाम चुकीची वाचली होती.