पडद्यामागचा माझा घसा

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझ्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार, कारण घरातले निर्णय हल्ली तेच घेतात असं भाऊजी म्हणत होते. इकडे सगळं ठीक. पंप विकले जातायत, कारखाना चालतोय, रक्तदाब तेवढा भाव खातोय.

तू लिहिलंस, लेकीला सिनेमाच्या नादातून सोडव, तुला जमत नसेल तर मी येते. आता ती कारखाना सांभाळायचं सोडून दूरच्या शहरात सिनेमांना आवाज भरायला जाणार म्हणते. (आवाज भरतात म्हणजे काय करतात, असं मी विचारलं, तर म्हणाली, "बाबा, एकदा येऊन ऐका तरी.") म्हटलं, नाही म्हणायचं तर माल बघून म्हणावं. आणि गेलो तिच्या चित्रपट महोत्सवाला.

पहिल्या सिनेमात एक म्हातारा फोनची वाट बघतो. बघतो म्हणजे बघतोच. मध्यंतर नाही, गाणं नाही, म्हाताऱ्याला दुसरा उद्योग नाही. मला आधी झोप आली, मग राग आला, आणि मग काय झालं कोण जाणे, आपला फोन काढून तुझा एखादा फोन राहून गेला का ते बघत बसलो. शेजारची बाई करवादली, "काका, उजेड!" बाहेर चहापाशी दोन दाढीवाले उभे. एक विचारतो, "शेवट कळला?" दुसरा म्हणतो, "कळला असता तर इतका आवडला असता का?" दुसऱ्या सिनेमात दोन भाऊ जिन्यावरून एक कपाट वर चढवतात. त्यांचं बिनसलंय कशावरून ते कोणी बोलत नाही, पण कपाटाचा भार कोण कोणावर टाकतो त्यावरून सगळं समजतं. हा मला मनापासून आवडला. (मी मध्येच "डावीकडून घ्या रे" असं ओरडलो, ते सोडून दे.)

तिसरा लेकीचा, म्हणजे आवाज तिने भरलेला. तुला ठाऊक आहे, कारखान्यात शिरण्याआधी मी दाराबाहेर खाकरतो. दुसऱ्याच्या कारखान्यात मी राबलोय. मालकाने भुतासारखं उगवू नये, टेकलेल्याला उठायला सवड द्यावी, एवढंच त्यात. घरीही तीच खोड. तर या सिनेमात बाप वारल्यावर एक मुलगी घरात एकटी राहते. तिला रडू फुटलं, की बंद दाराआडून कोणीतरी खाकरतं, आणि ती डोळे पुसून उठते. ताई, तो घसा माझा! न विचारता, न सांगता उचललेला! मला असा ठसका लागला, की दाराआडचा बाप आणि मागच्या रांगेतला बाप एकदमच खाकरले. पुढची रांग वळून बघायला लागली. कोणीतरी कुजबुजलं, "वा, आवाज मागूनपण सोडलाय!"

नंतर मात्र मी हललो नाही. तिची आई गेली त्या दिवसांत मी पोरीच्या खोलीबाहेर असाच खाकरून उभा राहायचो. मला वाटायचं, ही आपली सवय. ती आत डोळे पुसत असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. माझ्या कानांचं कौतुक गावभर. मोटारीची घरघर ऐकून बिघाड सांगतो. पण त्या दाराआडून नीट ऐकत होती ती.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "कसा वाटला?" मी म्हणालो, "मेल्यावरही बापाला कामाला लावलंस." ती हसली आणि माझ्याकडे बघत राहिली. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. ती काय विचारायची थांबली होती ते मला कळलं होतं. मी "जा" म्हणालो. तू माझ्यावर चिडणार, ते धरूनच चाललोय.

ता. क. २. ती रविवारी निघते. तू तिची समजूत घालायला येणार होतीस ना? ये. पण ती गेल्यावर ये. समजूत माझी घालायची आहे.