नेक पिकअप बदलला त्याबद्दल

रविवार, नोव्हेंबर.

पप्पा, आज सकाळी पहिल्या मिस्सेला जाऊन आले. आई आता चर्चला येत नाही, गुडघे साथ देत नाहीत. येताना बोंबील घेतले, साफ केले, कपडे वाळत घातले. जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर अंथरली, तुमची गिटार उघडली आणि तिचा नेकजवळचा, म्हणजे मानेकडचा, तारांचा सूर उचलणारा पिकअप बदलला. तुम्ही असतात तर कुठला बसवलास आणि का, हे विचारल्याशिवाय राहिला नसतात. म्हणून लिहायला बसले आहे.

झालं असं की नाताळात आपल्या आळीतल्या बायका घरोघर जाऊन गाणी म्हणणार आहेत आणि त्यांनी मला साथीला बोलावलं. मी हो म्हटलं. तुम्ही गेल्यापासून मी घराबाहेर वाजवलेलं नाही, त्यामुळे हो म्हणून गेल्याचं माझं मलाच नवल वाटलं. घरी येऊन गिटार अँप्लिफायरला लावली तर आवाजच नाही. मग स्विचवर तुम्ही लावलेली काळी टेप काढली आणि स्विच दुसऱ्या बाजूला केला, तेव्हा तारा टेकतात त्या घोडीजवळचा पिकअप वाजला, पातळ आणि कडक. नेकजवळचा मात्र मेला होता. उघडून पाहिलं तर तांब्याची तार एका कडेला हिरवी पडून तुटली होती. आपल्याकडची खारी हवा. भुईगावात खिडकीचे गजसुद्धा टिकत नाहीत, ती तर केसापेक्षा बारीक तार.

ती तार तुम्ही गुंडाळलेली. कंपनीचा मूळ पिकअप मी शाळेत असताना निकामी झाला होता, आणि नवा आणण्याऐवजी तुम्ही तो जुन्या डबीत घालून गोखिवऱ्याच्या ट्रान्सफॉर्मर कारखान्यात कामावर नेलात. शनिवार होता म्हणून मलाही बरोबर नेलंत. शेडमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या वॉर्निशचा वास भरलेला. पाळी सुटल्यावर तुम्ही खिडकीजवळच्या वाइंडिंग मशीनवर बसता, पिकअपचा बॉबिन त्यावर चढवता, आणि तार अंगठा आणि बोट यांच्यामधून सरकत जाते. मी शेजारी उभी राहून बघते आहे. तुमचे एक सोबती डबा धुऊन परत येतात आणि म्हणतात, "काय रे, पोरीचा अंबाडा घालतोस की काय?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "पोरीचे केस जाड आहेत, ओढले तरी तुटत नाहीत. ही तुटते." "किती वेढे देणार?" "मावतील तेवढे." ते हसतात. "ताटात वाढतानाही याचं असंच असतं," ते मला सांगतात.

दुसऱ्या दिवशी तो मेणात बुडवायचा होता. वेढे सैल राहिले तर अँप्लिफायर शिट्टी मारतो, हे तुम्ही मला समजावलंत. आईला मात्र काहीच समजावलं नाहीत. ती मिस्सेला गेलेली असताना तुम्ही घरातल्या आल्तारावरचे, प्रार्थनेच्या वेदीवरचे, मेणबत्त्यांचे तुकडे गोळा केलेत आणि ते तिच्या दुधाच्या पातेल्यात वितळवलेत. ती दारातच थांबली. "आल्तारावरच्या मेणबत्त्या? आणि पातेलं माझं दुधाचं?" तुम्ही म्हणालात, "धुऊन देतो." "धुऊन मेण जातं? उद्या चहात मेण आलं की तुम्हीच प्या, आणि वात पेटवून अंगणात उभे राहा, लाइट गेली तर उपयोग होईल." त्या आठवड्यात चहाला खरंच मेणाचा वास येत होता आणि तुम्ही तो शेवटच्या घोटापर्यंत पीत होतात. आई तुमच्या कपाकडे बघत बसायची.

तर तो आवाज असा तयार झालेला. जाड, गोल, थोडा दबलेला. लग्नाच्या मांडवात तो गाणाऱ्याच्या मागे राहायचा, पुढे कधीच नाही. लोक म्हणायचे, न बघता ओळखता येतं कोण वाजवतंय ते. त्या आवाजाचं ध्वनिमुद्रण आपल्याकडे एकही नाही. लग्नांच्या दोन कॅसेट होत्या त्यांना बुरशी लागली. म्हणजे तुमचं वाजवणं जसं ऐकू यायचं तसं ऐकायला तो पिकअपच काय तो उरला होता, आणि तोही गेला. हे मी आईला सांगितलं नाही. नवा बसवला की तिला पहिल्या सुरात कळणार, ही मला भीती होती.

काल स्टेशनजवळच्या वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदार चाळिशीचा, बोलका. तुमचा पिकअप हातात घेऊन त्याने उलटसुलट करून पाहिला. "ताई, हा कंपनीचा नाही. कोणी केलाय?"

"माझ्या वडिलांनी."

"भारी काम आहे. पण वेढे फार घातलेत. म्हणून आवाज ब्लँकेट पांघरल्यासारखा येत असणार, हो ना?"

मला राग आला, पण तो बरोबर बोलत होता. मी विचारलं, "परत गुंडाळता येईल?"

"येईल ना. पण ही सगळी तार कापून टाकायला लागेल. मग बॉबिन त्यांचा आणि आवाज माझा. चालेल का?"

चालण्यासारखं नव्हतं. कापून घेतला तरी तुमचा उरणार नाही आणि न कापता ठेवला तर वाजणार नाही. मग मी म्हटलं, याच्यासारखा वाजणारा नवा द्या. त्याने तीन दाखवले. एकात दोन बारीक कॉइल शेजारी शेजारी, घरघर अजिबात नाही, आवाज भरलेला. तो तुमच्या सगळ्यांत जवळचा. दुसरा साधा, एकाच कॉइलचा, वेढे बेताचे, थोडी घरघर करणारा पण प्रत्येक तार वेगळी ऐकू येणारा. तिसरा नुसता मोठ्याने वाजणारा, तो मी लगेच बाजूला केला. त्याच्याकडे हे तिन्ही बसवलेल्या गिटारी होत्या. मी स्टुलावर बसून वाजवू लागले.

वाजवताना मला ते लग्न आठवत होतं. मी कॉलेजात होते, मांडवात पहिल्यांदाच तुमच्याऐवजी बसले होते, तुम्ही बाजूला जेवत होतात. दोन कडव्यांच्या मधल्या जागेत मी स्विच घोडीकडे केला. सूर एकदम उजळ आला, पोरं नाचता नाचता वळून बघायला लागली. तुम्ही हात न धुता आलात, स्विच परत केलात आणि माझ्या कानाशी म्हणालात, "गाणाऱ्याच्या अंगावर ओरडू नये." बस्स, एवढंच. दुसऱ्या दिवशी स्विचवर टेप होती. मी कधी विचारलं नाही आणि तुम्हीही पुढे काही बोलला नाहीत. तुमची बोटं आखडल्यावर गिटार मला दिलीत तेव्हा पट्टा आधीच माझ्या उंचीचा करून ठेवला होतात. टेप तशीच होती.

दुकानात बराच वेळ गेला. मी जाड आवाजाच्या गिटारीवर वाजवायची, मग साध्याच्या, मग पुन्हा जाड. शेवटी दुकानदार हसला. "ताई, एक बोलू? घ्यायचाय म्हणून तुम्ही ही जाड आवाजाची गिटार उचलताय, आणि वाजवायचंय म्हणून ती साधी."

मी साधा घेतला.

आज बसवताना आईला टॉर्च धरायला बसवलं; गिटार दुरुस्त करते आहे, एवढंच सांगितलं. "डावीकडे धर," मी म्हटलं. "डावीकडे म्हणजे तुझ्या की माझ्या?" तिने विचारलं. तारेला शिशाचा डाग देताना धूर निघाला तर म्हणाली, "हे काम आणि हा वास, दोन्ही बापाचे घेतलेस, बाय. जमीन तेवढी तुझ्या भावाला." तो डाग पुन्हा द्यावा लागला. स्क्रू घट्ट केले, उंची बेताची ठेवली, तारा चढवून सुरात लावल्या. नाताळचंच एक गाणं हळू वाजवलं. आईने टॉर्च विझवला नव्हता, तो छताकडे लागलेला होता. ती ऐकत राहिली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

गाणं संपल्यावर ती म्हणाली, "हा त्यांचा आवाज नाही."

"नाही. तो पिकअप गेला. तार तुटली."

"कधी?"

"पावसाळ्यात असेल."

तिने टॉर्च विझवून टेबलावर ठेवला. मला वाटलं आता रडेल. मग म्हणाली, "बरं वाजतंय की. त्यांचं कसं, पाव तोंडात ठेवून बोलल्यासारखं. मी एकदा बोलले होते तसं."

"मग?"

"मग काय. चार दिवस पाव खाल्ला नाही त्यांनी." ती हसली आणि हसता हसता डोळे पुसले. पुन्हा वाजव म्हणाली, या वेळी सगळं गाणं, कडव्यांसकट. ती स्वतः बारीक आवाजात म्हणत होती. मी सूर तिच्या मागे ठेवला. साध्या पिकअपवरही मागे राहता येतं, हात हलका ठेवला की झालं. हे मला आज कळलं, आणि ते तुम्ही शिकवलेलंच असणार.

जुना पिकअप शिवणाच्या डब्यात ठेवला आहे. आई म्हणते फेकून दे, नाहीतर सुई शोधताना हाताला लागत राहील. बघू.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, त्यामुळे एक गोष्ट लिहून ठेवते. दुकानात मला निवडायला वेळ लागला असं वर लिहिलं आहे, पण तसं नाही. साध्या पिकअपच्या पहिल्या दोन-तीन सुरांतच मला कळलं होतं. पुढचा सगळा वेळ मी तुम्हाला आवडेल असं काही सापडतंय का, ते बघत बसले होते.

आई झोपली आहे. चादरीवर तारेचे तुकडे आणि शिशाचे थेंब सांडलेत, पायात जातील. चादर अंगणात नेऊन झटकते.