आत घेतलेली शिवण

४ मार्च
मास्तर पडले! कापडाचा गठ्ठा उचलायला गेले आणि गठ्ठ्यासकट खाली. मी धरून उठवलं तर हातात जणू हँगरवरचा शर्ट आला. एकोणीस वर्षं माझ्याकडे शिवताहेत. इतके हलके कधी झाले?

५ मार्च
दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुपोषण."
"ते लहान पोरांना होतं ना?"
"साठीच्या कामकरी माणसालाही होतं. त्याच्याकडे कुणी बघत नाही, एवढंच."
मी बघतो की! रोज बघतो! त्यांची विजार कमरेला कशी चोख बसलेली असायची. आज नर्सने तीच माझ्या हातात दिली. उलटी करून पाहिली — कंबर तीनदा आत घेतलेली. काम इतकं सुबक, की बाहेरून मलाही कळलं नसतं.
मास्तरांची सून रडत होती. "डबा रोज रिकामा येतो हो! रात्री म्हणतात, दुपारचंच जड झालंय."
कारखान्याच्या मागच्या फाटकाजवळची कुत्री का गुबगुबीत झालीत, ते कळलं.

६ मार्च
माझे कान तिखट. कोणतं मशीन कुणाचं, डोळे मिटून सांगतो. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांआधी मास्तरांचं सुरू व्हायचं. मी केबिनमधून ओरडायचो, "शिका जरा म्हाताऱ्याकडून!"
आज काज-बटण करणाऱ्या बाई म्हणाल्या, "मालक, तेव्हा ते तुमचं काम नव्हते करत. स्वतःची विजार आत घेत होते."

७ मार्च
बाईंना विचारलं, जेवण कधीपासून सोडलं? आधी बोलेनात. मग म्हणाल्या, "तुम्ही ते बोललात ना, त्या दिवसापासून."
आठवलं. मास्तरांचे दात गेलेले. एकच घास या गालातून त्या गालात. जाता जाता मी — "काय मास्तर, रवंथ चाललाय?"
सगळे हसले. मास्तरही हसले. मी खूश! माझ्या विनोदांना सगळा कारखाना हसतो. न हसायची टाप कुणाची!

८ मार्च
कामात लक्ष नाही.

९ मार्च
लिहूनच टाकतो. माझेही दात खोटे आहेत. वरचे, खालचे, सगळे. सहा वर्षं झाली. बायकोशिवाय कुणाला माहीत नाही. खाताना कवळी टकटक वाजते. म्हणून केबिनला कडी लावतो, कवळी काढतो, सगळं भिजवून गिळतो. त्या दिवशी तसंच जेवून, कवळी बसवून बाहेर पडलो होतो — आणि मास्तर दिसले.

२४ मार्च
मास्तर कामावर आले. सुट्टीत डबा घेऊन त्यांच्या बाकावर बसलो. कवळी काढून रुमालावर ठेवली.
मास्तर बघत राहिले. मग हळूच, "काय मालक, रवंथ?"
कुणी हसलं नाही. माझी मान वर होईना. शेजारी मास्तरांच्या डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज तेवढा ऐकला.