देवीच्या झऱ्याला लाल पाणी

इचोडा

प्रिय बयना,

सुवर्णाचं बाळ आता नीट दूध ओढते, हे ऐकून जिवाला बरं वाटलं. नाक माझ्यावर गेलं म्हणतेस. पोरगी आहे, देव करो न् बदलो. सकाळी फोनवर "दादा, कुंडाला हात लावशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील" एवढं बोलून तू ठेवून दिलास. म्हणून कागद घेतला. हा मधेच ठेवून देता येते, पण पुन्हा उचलताही येते.

तुमच्या गावावरच्या धरणाच्या पायथ्याशी मातीच्या भिंतीला आधार म्हणून दगड-मुरमाचा थर घालायचं काम मला मिळालं, ते तुला माहीत आहे. परवा टिप्पर घेऊन गेलो, तर भिंतीखाली, तू पूजतेस त्या देवीपुढं अख्खं गाव. झऱ्याला लाल पाणी! राहीबाई तांब्या घेऊन धावत आली, "पंढरीभाऊ, बयना लेकीकडं बासरला गेली अन् इकडं देवीनं कुंकू सोडलं पाहा!" मी म्हटलं, "आधी हळद लावायची रीत विसरली का वो देवी?" बाया खिदळल्या. मीही हसत हसत तीर्थाची ओंजळ तोंडाला लावली. दाताखाली रेती कचकचली, आणि माझं हसू तिथंच मेलं.

माझे कान तुला ठाऊक आहेत. गिट्टीच्या क्रशरवर मजुरीला होतो तेव्हा पट्टा तुटायच्या आधी मला आवाजावरून समजायचं. त्याच कानांनी मला मजुराचा मालक केलं. मी कुंडाच्या सिमेंटला कान लावला. आत पाण्यासोबत काहीतरी घरंगळत होतं, सुपातून ज्वारी उतरावी तसं. तसाच मी धरणावर फोन लावला.

धरणावरच्या इंजिनिअर शुभांगी मॅडम धावत आल्या. बाटलीत पाणी धरून ठेवलं, तर बुडाशी बोटभर गाळ. मॅडम म्हणाल्या, "काका, मातीच्या धरणातून थोडं नितळ पाणी झिरपतेच, त्याचं भ्या नाही. गढूळ आलं म्हणजे भिंत आतून वाहून चालली." बयना, ज्याला आपण कुंकू म्हणून कपाळी लावून राह्यलो होतो, ती धरणाच्या पोटातली माती! देवीला चिखल लागू नये म्हणून गावानं दरसाली कुंडाला सिमेंट चढवलं, एक तोटी ठेवली. वाट कोंडली, तर पाण्यानं बाजूनं दुसरी कोरली. मी म्हटलं, आणखी सिमेंट ओतून बुजवून टाकू. मॅडम ओरडल्याच माझ्यावर. पाणी अडवायचं नाही, माती अडवायची. आधी रेती, वर बारीक गिट्टी, वर दगड. म्हणजे पाणी गाळून निघते. वीजघर चालवून जलाशयाचं पाणीही हळूहळूच उतरवून राह्यले, कारण एकदम उतरवलं तर आतली बाजू घसरते. भोवताली रेती टाकून झाली. पण खरं भोक कुंडाखालीच आहे; कुंड फोडल्याशिवाय तिथं रेती पोचत नाही.

आणि गाव हलत नाही. सरकारी माणसं टेकडीवर चला म्हणून हात जोडून राह्यली. राहीबाई कुंडावर आडवी पडून म्हणते, "देवी इथं असताना गाव वाहते कसं? बयनाला विचारा आधी." इचोड्याच्या बाजारात कोणालाही बोलण्यात गुंडाळणारा तुझा भाऊ, तिथं हरलो, म्हणून सकाळी तुला फोन लावला.

मला ठाऊक आहे, ते फक्त देवीचं ठाणं नाही. उद्धवराव भाऊजी गेले त्या वर्षी मी एकदा संध्याकाळी तिकडं आलो होतो. तू कुंडाच्या काठावर बसून देवीला नाही, त्यांना सांगत होतीस, बैल विकला म्हणून, सुवर्णाला कॉलेज मिळालं म्हणून. मी आवाज न करता परत फिरलो. तो झरा त्यांनी शोधलेला, तुला तिथं त्यांचं उत्तर ऐकू येत असेल. ते मी फोडायला निघालो आहे. हे पत्र घेऊन माझा ड्रायव्हर अमरदीप गाडीसकट दारात उभा आहे. बाळ सुवर्णाच्या सासूकडं दे आणि बस. मूर्ती तुझ्या हातानं उचल, पदरात घे आणि टेकडी चढ. गाव तुझ्या मागं येईल, माझ्या मागं येणार नाही. तू आली नाहीस तरी आज उजेड असेपर्यंत मी कुंड फोडणार. मग येत्या भाऊबीजेला मला ओवाळू नको. राहीबाईच्या नातवंडांना मात्र दिवाळी पाहू दे.

वाटेकडं डोळे लावून,
तुझाच
पंढरीदादा