'घण' या नावाचा वारस

मी खाली सही करणार, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा आधी बसडेपोत पत्राकाम आणि नंतर पन्नास वर्षे ड्रम वाजवणे, आज पूर्ण शुद्धीत, दोन कप चहा पोटात असताना, कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे तर माझ्या मर्जीने हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्याने मला हवं तेवढं येतं. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्याचा आग्रह मुलाचा. त्याला धास्ती आहे की मी कलम सहामध्ये काहीतरी वेडेपणा करणार. त्याने आधी बाकीची कलमं वाचावीत.

कलम सहा म्हणजे 'घण' हे नाव, आमच्या बँडचं. कायद्याने ते माझ्या एकट्याच्या मालकीचं आहे. एका कंपनीला ते विकत हवंय. चार माणसं पगारावर ठेवून ती त्यांना 'घण' म्हणून फिरवणार. मुलगा म्हणतो, देऊन टाका. दुसरीकडे माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, आमचा गिटारवाला. बावीस वर्षांपूर्वी मी कोर्टातून हुकूम आणून त्याला हे नाव लावायला बंदी केली. तेव्हापासून आमचं तोंड पाहणं बंद. तो आता एका हॉटेलात जेवणाऱ्यांसाठी हळू आवाजात वाजवतो. आमचा गायक कोकिळा गेला, बासवाला मुका गेला; दोन्ही टोपणनावं. उरलो आम्ही दोघे.

कलम १. राहतं घर, तीन खोल्या, गच्चीसह, माझ्या पत्नीस. तिच्या हयातीत तिला 'आई, तुम्ही मागच्या खोलीत बऱ्या' असं सुचवणाऱ्याचा हिस्सा रद्द समजावा. ही बाई शिवणकाम करायची. आमच्याकडे धड कपडे नव्हते, म्हणून छत्रीच्या कारखान्यातून काळ्या कापडाचे तुकडे आणून तिने आम्हाला चार शर्ट शिवले. आज चार-पाच देशांतले बँड तसलेच चकचकीत काळे शर्ट घालतात. त्याला शैली म्हणतात म्हणे. छत्रीच्या कापडात घामाचं काय होतं हे त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही.

कलम २. बँकेतली शिल्लक मुलगा आणि मुलगी यांना निम्मी-निम्मी. यावर आणखी काही बोलण्यासारखं नाही.

कलम ३. पत्राकामाची हत्यारं, म्हणजे दोन कातरी, लाकडी मोगऱ्या आणि ऐरण, कोपऱ्यावरच्या गॅरेजवालीस. ती गाड्यांचे पोचे काढते. मी येता-जाता ऐकतो, तिचा हात चांगला आहे. घाईघाईत ठोकलं की पत्रा ताणतो आणि फुगतो, मग देवही तो सरळ करू शकत नाही. हे तिला कोणी शिकवलं नाही, तिला आपसूक कळलं. माझ्या मुलाला चाळीस वर्षांत कळलेलं नाही, पण तो विम्यात आहे, त्याला गरज पडत नाही.

कलम ४. माझा पहिला ड्रम मुलीस. मोडीत निघालेल्या बसचा पत्रा वळवून मी तो स्वतः केला होता. संग्रहालयवाले दोनदा येऊन गेले. काचेच्या पेटीत ठेवणार म्हणे. पेटीत ठेवायला तो काय मासा आहे? मुलगी शाळेत विज्ञान शिकवते, तिला वाजवता येत नाही. पण अट अशी की जो कोणी नवा बँड मागेल त्याला तिने तो वापरायला द्यावा. फुटला तर फुटला.

कलम ५. ज्या समीक्षक महाशयांनी आमच्या पहिल्या रेकॉर्डवर 'भांड्यांचं कपाट जिन्यावरून पडलं' असं लिहिलं आणि पंचवीस वर्षांनी 'या युगप्रवर्तक नादाची चाहूल मला सर्वात आधी लागली होती' असंही लिहिलं, त्यांस दोन्ही कात्रणं एकाच चौकटीत बसवून पाठवावीत. टपालखर्च माझ्याकडून. खालच्या मजल्यावरच्या ज्या काकांनी आमच्यावर पोलीस बोलावले, त्यांना माफ केलं आहे. त्यांचा नातू आता बास वाजवतो. त्यांना पुरेशी शिक्षा झाली.

कलम ६. आधी खरं काय ते लिहितो, कारण मेल्यावर मला कोणी उलट विचारणार नाही.

पन्नास वर्षं मी प्रत्येक मुलाखतीत सांगत आलो की एके दिवशी मी काठ्या खाली ठेवल्या आणि म्हणालो, 'मित्रांनो, आता संथ आणि जड वाजवायचं.' ही थाप आहे. धडधडीत थाप.

आम्ही तेव्हा इतरांसारखंच भराभर वाजवत पळत सुटायचो. पहिलं रेकॉर्डिंग डेपोच्या शेडमध्ये केलं. मशीन रेडिओ दुरुस्तीवाल्याचं, विजेच्या जोरावर कमीजास्त पळणारं. त्याने ते कामाच्या दिवशी आणून लावून दिलं. वेल्डिंग, लेथ, हवेचे पंप सगळं चालू, त्यामुळे वीज मरतुकडी. त्या विजेवर त्याने मशीनचा वेग बरोबर जुळवला. आम्ही वाजवलं मात्र सुट्टीच्या दिवशी. डेपो बंद, वीज भरपूर, मशीन उधळलं. डेपोत पाच वर्षं काढलेल्या एकाच्याही हे डोक्यात आलं नाही. मुलीने पुढे कागदावर काढून समजावलं, की भराभर पळालेली फीत साध्या वेगाने ऐकली की सगळं संथ होतं आणि खाली उतरतं.

रेकॉर्डच्या दुकानात फीत लावली आणि आमचे चेहरे पडले. कोकिळा म्हणाला, "हा मी नाही रे, हा माझा आजोबा आहे." मी म्हणालो, फेकून द्या. तेवढ्यात दुकानात आलेला एक ट्रक ड्रायव्हर म्हणाला, "बंद का केलं? परत लावा की!" त्याने ती तीनदा ऐकली.

मेव्हणा तेव्हा सतरा वर्षांचा. त्याने ती फीत मागून घेतली आणि एकोणीस दिवस तिच्यासमोर बसला. गिटारच्या तारा सैल सोडल्या तर त्या लोळायला लागल्या, म्हणून जाड तारा चढवल्या, त्यातली एक मुक्याच्या बासवरून ढापलेली. मग शेडमध्ये येऊन त्याने तेच गाणं त्याच संथ, खोल आवाजात वाजवून दाखवलं. छपराचे पत्रे थरथरले. मी काय केलं? हसलो. म्हणालो, "बैलगाडी निघाली वाटतं?" त्याने पुन्हा वाजवलं. तिसऱ्या वेळी मी मुकाट्याने काठ्या उचलल्या.

बाकीचं जगाला माहीत आहे. चार वर्षांनी एका मासिकात आमचा फोटो आला, खाली लिहिलं होतं 'हेवी मेटलचे जनक', म्हणजे जड धातूचे बाप. मुक्याने विचारलं, "यांना डेपोचं कोणी सांगितलं?" आज तशा जाड तारांची तयार पाकिटं दुकानात मिळतात. कुठल्याशा बर्फाच्या गावातल्या एका मुलीने पत्रात लिहिलं की तुमचं ऐकून मी शाळेत मान वर करून चालायला लागले. हे सगळं त्या एकोणीस दिवसांतून आलं, आणि त्या दिवसांत मी तिथे नव्हतो.

नाव माझ्या एकट्याचं कसं? नोंदणीच्या दिवशी मेव्हण्याला अठरा पूर्ण नव्हती, कोकिळा उशिरा आला, मुका आलाच नाही. फॉर्मवर माझी सही झाली. पुढे माझा खांदा निकामी झाला, वर्षभर काठी धरता येईना. मेव्हण्याने दुसरा ड्रमवाला घेतला आणि 'घण' म्हणून परदेशात मोठा कार्यक्रम गाजवला. मला घरी बसून ते बघवलं नाही. जळलो, दुसरं काही नाही. कोर्टात मी 'नावाची अप्रतिष्ठा' वगैरे बरंच लिहिलं होतं, ते वकिलाचे शब्द. माझा शब्द हा आहे: जळलो. माझी चूक झाली.

सबब 'घण' हे नाव आणि पहिल्या रेकॉर्डवरचं 'संगीत' या शब्दापुढचं श्रेय, दोन्ही माझ्या पश्चात मेव्हण्यास. कंपनीस काही नाही. मुलाने आदळआपट करू नये.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी. सह्यांसाठी डॉक्टर आणि शेजारचे घड्याळजी येणार होते. घड्याळजींऐवजी बायको दारातून भावालाच घेऊन आली. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नको म्हणालो असतो, हे तिला माहीत आहे. तो खुर्चीत बसला, खिडकीकडे तोंड करून. मृत्युपत्र तपासायला आलेल्या वकीलबाईंनी कलम सहा मोठ्याने वाचलं. एकोणीस दिवसांचं आलं तेव्हा त्याने डोळे मिटले.

वाचून झाल्यावर तो बावीस वर्षांनी माझ्याशी पहिलं वाक्य बोलला.

"दाजी, तुम्ही मेल्यावर नाव घेऊन मी काय करू? ड्रम कोण वाजवणार?"

 

मग त्याने वकीलबाईंना विचारलं, "ज्याला यात काही मिळतं, तो साक्षीदार म्हणून सही करू शकतो का?"

"करू शकतो," त्या म्हणाल्या, "पण मग त्याला दिलेलं रद्द होतं."

"पेन द्या."

"अरे, थांब जरा!" बायको ओरडली.

"ताई, यांनी मरून दिलेलं मला नकोय. द्यायचं तर आत्ता द्या म्हणावं, जिवंतपणी."

मी म्हणालो, माझा खांदा पूर्वीसारखा राहिलेला नाही. तो म्हणाला, माझी बोटं तरी कुठे तशी राहिली आहेत? आपलं वाजवणं संथच आहे. मी रडलो. लपवण्यासारखं त्यात काही नाही, डॉक्टरांनीही पाहिलं.

सबब कलम सहा माझ्या हाताने खोडले आहे. ते नाव आता माझ्या मालमत्तेत उरलेले नाही, म्हणून मृत्युपत्रात येत नाही. आज, माझ्या हयातीत, वेगळ्या कागदावर मी ते आम्हा दोघांच्या नावे केले, आणि जो मागे राहील त्याचे ते राहील. रेकॉर्डवरचे श्रेय दुरुस्त करण्याचे पत्रही आजच टपालात पडले. हे माझे शेवटचे मृत्युपत्र, पण याची अंमलबजावणी करण्याची कोणी घाई करू नये. मी कामात आहे.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२४

(सही) मृत्युपत्र करणार. धंदा: ड्रम, 'घण'.

आमच्यासमोर सही केली:

(सही) साक्षीदार पहिले: घरचे डॉक्टर.

(सही) साक्षीदार दुसरे: पत्नीचे धाकटे बंधू. धंदा: गिटार, 'घण'.