सालुआंगला पिल्लू झालं

कातिंगान नदीकाठ, वरचा तळ
१७ नोव्हेंबर

लाडक्या कामेलोस,

आईचे खूप खूप आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा तेवढा चढावर कुरकुरतो. तुमच्याकडे बांजारमासिनला पाऊस कसा आहे? इथे नदी फुगली आहे आणि सकाळी इतकं धुकं असतं, की होडी पाण्यावर चाललीय की ढगातून, तेच कळत नाही.

बातमी अशी, की सालुआंगला पिल्लू झालं.

ती तुला आठवत असेल, कदाचित रागानेच. पाम तेलाच्या मळ्यात सापडलेलं, आई गमावलेलं ओरांगउटानचं पोर. सालुआंग मासळीसारखी किडकिडीत, म्हणून तेच नाव पडलं. सात वर्षं मी तिला वाढवलं. बाटलीने दूध पाजलं, कुठलं फळ खायचं ते आधी स्वतः चावून दाखवलं, निजायला फांद्या मोडून घरटं कसं करायचं ते शिकवलं. सहा वर्षांपूर्वी तिला इथल्या रानात सोडलं. आईपण मात्र मी तिला शिकवलं नव्हतं, आणि तिनेही ते कुणाचं पाहिलेलं नव्हतं.

मंगळवारी देहेनचा निरोप आला. सोडलेल्यांच्या मागावर रानात फिरतो, तो. "मावशी, लगेच निघा. सालुआंग बाईसाहेबांनी पोर उलटं धरलंय, डोकं खाली नि पाय वर!"

आम्ही पोचलो तेव्हा ती उंच झाडावर होती. पिल्लू तिच्या मांडीला लोंबकळत बारीक आवाजात रडत होतं. ती त्याच्याकडे बघे, हुंगे आणि पुन्हा फळं खायला लागे. तळावरच्या डॉक्टरबाई सोबत होत्या, त्या म्हणाल्या, "उद्या दुपारपर्यंत पाजलं नाही, तर तिला बेशुद्ध करून पिल्लू काढून घ्यावं लागेल. तुम्हीच वाढवाल ना?"

कामेलो, खरं सांगते. मला आनंद झाला. वाटलं, न पाजो. पुन्हा माझ्या छातीशी काहीतरी ऊबदार येईल. त्या विचाराची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या सकाळी झाडं ठिबकत होती. ऊन धुक्यातून गाळून यावं तसं येत होतं. सालुआंग हळूहळू खाली आली, थेट माझ्या डोक्यावरच्या फांदीपर्यंत. सहा वर्षांत इतकी जवळ ती कधी आली नव्हती. तिने पिल्लाला हाताला धरून खाली सोडलं, माझ्याकडे. घे, म्हटल्यासारखं.

हात वर केला असता, तर मिळालं असतं.

मी पावसाचा कोट काढला, त्याची गुंडाळी केली आणि ती छातीशी धरली. डोकं वर, मान कोपरात. डोलत राहिले.

देहेन हसला. "मावशी, कोटाला दूध पाजताय होय?"

"गप रे! बघू दे तिला."

ती बघत राहिली. किती वेळ, कुणास ठाऊक. मला झोपेत असल्यासारखं वाटत होतं. मग तिने पिल्लू पोटाशी ओढलं. नीट नव्हे, वेडंवाकडंच. पण पुढचं काम पिल्लाने केलं, केसांना धरत धरत ते वर सरकलं. खाली आम्हाला चोखण्याचा आवाज ऐकू आला.

मग ती वर चढली. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही तिने.

सगळे हसत होते, मी एकटी रडत होते. कोट धरलेल्या हातांना सालुआंग आठवत नव्हती, तू आठवत होतीस. तू चार वर्षांची असताना या अनाथ पिल्लांच्या कामासाठी मी तुला लामियांग मावशीकडे ठेवलं. सालुआंग आली त्या वर्षी तू अकराची होतीस. धक्क्यावर म्हणालीस, "आई, मलाही मळ्यात सापडलेली समज ना." मी हसले आणि होडीत बसले. त्या वेळी मी हसायला नको होतं.

लामियांग मावशीवर रागावू नकोस. मासे घेऊन आली होती, तिच्या पोटात राहिलं नाही. तुला मुलगी झाली, चाळीस दिवस झाले, आणि मला कळवू नका असं तू सांगितलंस. बरोबरच केलंस. पण बाळ नीट पितं का? तुला झोप मिळते का?

मी दोन महिन्यांची रजा मागितली आहे, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ये म्हणालीस, तर शुक्रवारच्या होडीने निघेन. तुझे कपडे धुईन, भात रांधीन, बाळाला तू देशील तेव्हाच घेईन. नको म्हणालीस, तर त्यात तुझा दोष नाही.

आपल्याकडे नातवंड झालं की बाईचं नाव मागे पडतं, लोक तिला अमक्याची तांबी, अमक्याची आजी म्हणतात. इथल्या बायका विचारतात, "काय गं, कुणाची तांबी झालीस?" मला सांगता येत नाही.

तुझी आई,
आणि ............ ची तांबी