लहानच ट्रेलर

कतीफ, सौदी अरेबिया, शुक्रवार, मगरिबच्या नमाजनंतर

हाइलच्या लांबच्या सहलीसाठी मोटारसायकलमागे लावायला लहानच ट्रेलर घ्यायचा. ठरलं. दुकानदार म्हणत होता, "भाई, बड़ा लो, हाइल तक पूरा घर ले जाओगे." तीच तर भीती. गावी जाताना बॅगा शेवटच्या किलोपर्यंत भरणारी माणसं आम्ही. मोठी पेटी मिळाली तर रिकामी ठेवू थोडेच!

गेल्या शुक्रवारी मित्राचा मोठा ट्रेलर लावून पाहिला, तेव्हा तेच केलं. जागा उरली म्हणून अगदी मागच्या टोकाला पाण्याचे कॅन कोंबले. सगळं वजन मागे गेलं, वळणावर ट्रेलर डोलायला लागला, गाडी हातातून सुटता सुटता राहिली. मागे बसलेल्या नसीमने माझा खांदा घट्ट आवळला. मी म्हणालो, वारा होता. बायकोशी खोटं का बोललो? ती पुन्हा बसणार नाही म्हणून? की नुसती लाज?

आज सांगून टाकलं. वारा नव्हता, चूक माझी होती.

ती चहा गाळत म्हणाली, "ठाऊक आहे. खजुराची एकही झावळी हलत नव्हती."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलता, ते बघत होते. लहानच घ्या. आणि सामान मी भरणार."